दारात प्रगणक, उत्तर तुमच्याकडे

दुपारची वेळ. कुकरची तिसरी शिट्टी झालीय, लाईट नुकतीच गेलीय आणि तुम्ही मोबाईलवर कुठल्या तरी परीक्षेचा निकाल उघडतोय का ते बघत बसलाय. आई शेतात, पप्पा फाट्यावर. तेवढ्यात दारात एक सर उभे. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. जिल्हा परिषद शाळेचेच असतील, कदाचित तुम्हाला चौथीला शिकवलेलेसुद्धा. “घरी मोठं कोणी आहे का?” “नाही सर, संध्याकाळी या.” “संध्याकाळी अजून पन्नास घरं आहेत. तू कॉलेजला आहेस ना? मग सांग की तूच.”

वारंगा फाट्यापासून गडचिरोलीपर्यंत यंदा हे घरोघरी होणार आहे. देशाची जनगणना दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा घरांच्या यादीचा: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२६ या काळात प्रत्येक राज्याला त्याचे तीस दिवस. त्याआधी पंधरा दिवस स्व-गणनेची सोय, म्हणजे ऑनलाईन तुमची माहिती तुम्हीच भरायची. दुसरा टप्पा माणसांचा. तो फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि मोजणीचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा. सुमारे तीस लाख कर्मचारी, ११,७१८ कोटी रुपये खर्च. पण या सगळ्या पसाऱ्यात तुमच्या घराबद्दल खरं काय ते नोंदवलं जाणार की नाही, हे ठरणार त्या दारातल्या वीसेक मिनिटांत. आणि फॉर्म भरणं म्हटलं की घरात सगळे तुमच्याकडेच बघतात, त्यामुळे उत्तर देणारे बहुधा तुम्हीच असाल.

आधी एक गंमत. मागची जनगणना २०११ ची. आज तुम्ही एकोणीस-वीस वर्षांचे असाल, तर तेव्हा अंगणवाडीत होता. सात वर्षांखालच्या मुलाला अक्षरं वाचता येत असली तरी जनगणना त्याला निरक्षरच धरते. म्हणजे देशाच्या दप्तरात तुमची शेवटची अधिकृत नोंद ‘निरक्षर’ अशी आहे. २०२१ ची मोजणी कोरोनामुळे लांबली, मग लांबतच गेली, आणि तुम्ही बारावी होऊन पदवीच्या वर्गात येऊन बसलात तरी सरकारी हिशेबात अजून अंगणवाडीतच आहात.

याचा तोटा काय, ते रेशन दुकानात कळतं. नवीन सून घरात आली, तिचं नाव कार्डावर चढवायला तहसीलला गेलं की ऐकू येतं, “इष्टांक संपलाय.” हा इष्टांक येतो कुठून? अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात ग्रामीण भागातल्या पंच्याहत्तर टक्के आणि शहरी भागातल्या पन्नास टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य द्यायचं ठरलं आणि माणसं मोजली २०११ ची. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे सात कोटी लाभार्थी आले. तेव्हापासून घरं वाढली, माणसं वाढली, आकडा तिथेच. एक नाव कमी झाल्याशिवाय दुसरं चढत नाही. ग्रामपंचायतीचंही तसंच. दीड हजार लोकसंख्येपर्यंत सात सदस्य, तीन हजारांपर्यंत नऊ, अशी चढती भाजणी आहे, आणि लोकसंख्या म्हणजे मागच्या जनगणनेतली. प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण तीस हजार लोकांमागे एक, आदिवासी-डोंगरी भागात वीस हजारांमागे एक. हिंगोली जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ११,७७,३४५. आजही कुठलाही प्रस्ताव उघडा, त्यात हाच आकडा सापडेल.

आता सर दारातच उभे आहेत, तर त्यांच्या प्रश्नांकडे येऊ. पहिल्या टप्प्यात तेहतीस प्रश्न आहेत. भिंत कशाची, छत कशाचं, खोल्या किती, पाणी कुठून येतं, संडास आहे का, सांडपाणी कुठे जातं, इंटरनेट आहे का, मोटारसायकल, कार. शेवटी संपर्कासाठी मोबाईल नंबर. आधार क्रमांक, बँक खातं, उत्पन्न यांतलं काहीच त्या तेहतीसांत नाही. कोणी ते मागितलं तर तो जनगणनेचा प्रश्न नव्हे, एवढं घरच्यांना सांगून ठेवा.

खरी अडचण मात्र सोप्या प्रश्नांवर येते. “चारचाकी आहे का?” अंगणात उभी असते, जुनी का असेना. पण आतून आजी खुणावते, नाही म्हण. कारण लाडकी बहीण. त्या योजनेत ट्रॅक्टर सोडून चारचाकी असलेलं घर अपात्र आहे. पडताळणी झाली, ई-केवायसी झालं, गावात कोणाकोणाचे दीड हजार बंद झाले याची यादी पारावर तोंडपाठ असते. अशात सरकारी माणूस येऊन गाडी आहे का विचारतो, तर लोक घाबरणारच. संडासाचंही तेच. बारा हजारांचं अनुदान घेतलेलं, गाव कागदावर हागणदारीमुक्त, आणि त्या चार बाय चारच्या खोलीत सरपण रचलेलं. खरं सांगावं, तर पैसे परत मागतील का?

इथे कायदा काय म्हणतो ते नीट माहीत असू द्या. जनगणना कायदा १९४८ चा आहे. घराघरातून घेतलेली माहिती गुप्त ठेवायची, ती कोणाला पाहायला द्यायची नाही आणि काही ठरावीक अपवाद सोडले तर कोर्टात पुरावा म्हणून वापरायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. माहिती फोडणाऱ्या प्रगणकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उत्तर द्यायला नकार देणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे तुम्ही गाडी सांगितली म्हणून आईचे दीड हजार बंद करायला जनगणनेची नोंद वापरता येत नाही. हे आजीला समजावणं सोपं नाही, मान्य. लोकांचा अविश्वास काही आकाशातून पडलेला नाही. योजनेचा फॉर्म, मतदार यादी, पीक पाहणी, केवायसी, प्रत्येक वेळी दारात तेच शिक्षक नाहीतर अंगणवाडीताई येतात आणि प्रत्येक वेळी कोणाचं तरी नाव कटतं. लोकांनी फरक ओळखावा असं वाटत असेल, तर तो सरकारने आधी गावात येऊन, गावच्या भाषेत सांगायला हवा होता. टीव्हीवरच्या जाहिरातीने ते होत नाही.

पण खोटं उत्तर दिलं की नुकसान कोणाचं, तेही बघा. गॅसबद्दल दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, स्वयंपाकघर आणि गॅसजोडणी आहे का? दुसरा, स्वयंपाकासाठी मुख्य इंधन कोणतं? उज्ज्वला योजना २०१६ ची, त्यामुळे जोडणी बऱ्याच घरांत पोचली. पण सिलिंडर भरून आणायला पैसे नसतील तर भाकरी चुलीवरच होते आणि गॅसवर पाहुणा आला की चहा. अशा घराने दुसऱ्या प्रश्नाला शानमध्ये ‘गॅस’ म्हटलं, तर त्या गावातल्या बायकांचे डोळे धुराने चुरचुरत नाहीत असा निष्कर्ष निघणार. मुख्य धान्याचा प्रश्नही असाच गमतीदार आहे. आपल्याकडे ज्वारीच म्हणायची सवय. रेशनच्या गव्हाने ताटातली भाकरी किती मागे सारली, हे मात्र तुमच्या घरातला डबा उघडल्यावरच कळेल.

दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारीत, एक प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर तुम्ही आत्तापासून तयार ठेवा. आई काय करते?

“काही नाही, घरीच असते.” कॉलेजच्या फॉर्मवर आपण ‘गृहिणी’ लिहून मोकळे होतो. आता फेब्रुवारीतला आपला भाग आठवा. कळमनुरी, वसमतच्या पट्ट्यात हळद काढणीचे दिवस. पाला कापायचा, कंद वेचायचे, शिजवणीला कढईपाशी उभं राहायचं, वाळवण पसरायचं. त्याआधी सोयाबीनची खुरपणी झालेली, कापूस वेचलेला. रोज पहाटे म्हैस. जनगणनेची ‘काम’ या शब्दाची व्याख्या याबाबतीत आपल्यापेक्षा उदार आहे. स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणं हे काम. घरापुरतं पिकवणं, घरापुरतं दूध काढणं हेही काम. वर्षात सहा महिने किंवा त्याहून जास्त केलं तर मुख्य काम करणारी, कमी केलं तर सीमांतिक. नुसता स्वयंपाक, धुणी-भांडी मात्र यात धरत नाहीत. तो वाद वेगळा आहे आणि कधीतरी व्हायलाच हवा. पण शेतात राबणारी आई ‘काही करत नाही’ म्हणून नोंदवली गेली, तर चूक व्याख्येची नसते. दारात उत्तर देणाऱ्याची असते, आणि घाईत टिक करणाऱ्याचीही. शेतकरी म्हणून जी मोजलीच गेली नाही, तिच्यासाठी योजना कोण आखणार? म्हणून उत्तर असं द्या: “ती स्वतःच्या शेतात राबते. वर्षातले आठ महिने.” महिने मोजून सांगा. सर पुढचं बरोबर लिहितील.

कुटुंबप्रमुख कोण, हाही प्रश्न आहे. घर ज्याला प्रमुख मानतं तो किंवा ती. सातबारा कोणाच्या नावावर आहे, याचा इथे संबंध नाही.

आणि याच कायद्यात एक कलम असं आहे की वाचून हसूही येतं आणि सत्तरेक वर्षांपूर्वीचं घर डोळ्यांपुढे उभंही राहतं. घरातल्या बाईचं नाव सांगण्याची सक्ती कोणावर नाही. आणि बाईवर नवऱ्याचं नाव सांगण्याची सक्ती नाही, रिवाजाने जे नाव ती घेत नाही ते तिला विचारून घेता येत नाही. बाकी सगळ्या प्रश्नांना उत्तर देणं कायद्याने बंधनकारक, फक्त इथे सूट. उखाणा घेतल्याशिवाय नाव न घेणारी आजी तुमच्याही घरात असेल. तिला सांगा, कायदा तुझ्या बाजूने आहे.

आता तुमचं स्वतःचं. तुम्ही नांदेडला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहता, नाहीतर पुण्यात चौघांत एक खोली घेऊन एमपीएससी करता. फेब्रुवारीत तुम्हाला कुठे मोजायचं? आई म्हणणार, “लेकरू आमचंच आहे, लिहा.” २०११ चा नियम असा होता की मोजणीच्या पूर्ण काळात माणूस घरी नसेल, तर त्याला घरी मोजायचं नाही, तो राहतो तिथे मोजायचं. वसतिगृहाची वेगळी यादी होते. पण भाड्याच्या खोलीत दुपारी कुलूप असतं, घरमालकाला पोरांची नावं माहीत नसतात, आणि गावाकडे सर म्हणतात तिकडे लिहिलं असेल. झालं, दोन्हीकडून सुटला. किंवा दोन्हीकडे लिहिला गेला. २०११ च्या मोजणीनंतर तपासणीचं सर्वेक्षण झालं, त्यात हजारामागे निव्वळ २३ माणसं सुटल्याचं निघालं. आकडा लहान वाटतो. हिंगोलीच्या तेव्हाच्या लोकसंख्येला लावून पाहिला तर सत्तावीस हजारांवर जातो.

तुमच्याहून अवघड गाठ ऊसतोड्यांची आहे. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातल्या टोळ्या उचल घेऊन निघतात आणि परततात फेब्रुवारी-मार्चच्या पुढे. मोजणी नेमकी फेब्रुवारीत. गावाकडे घराला कुलूप किंवा दारात म्हातारी आणि दोन नातवंडं. तिकडे कारखान्याजवळच्या कोप्या, आज इथे तर आठ दिवसांनी पुढच्या फडात. नियमाने त्यांना कोपीवर मोजायला हवं. तसं मोजलं तरी गावाची लोकसंख्या घटलेली दिसते आणि तिच्यासोबत गावाचा निधी. नाही मोजलं तर माणूसच गेला. तुमच्या गल्लीतलं असं एखादं कुटुंब असेल, तर निदान मुकादमाच्या फोनवर विचारून घ्या: तुमच्या कोपीवर कोणी आलं होतं का? जनगणनेच्या सगळ्या ॲपमध्ये हे एक काम ॲप करू शकत नाही.

फाट्याचं गणित तर आणखी वेगळं. नांदेडकडून आलेला रस्ता वारंग्याला फुटतो. एक वाट कळमनुरी, हिंगोलीकडे. दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ, नागपूरकडे. त्या तिठ्यावर हॉटेलं, गॅरेज, टपऱ्या, कृषी सेवा केंद्रं, वर खोल्या काढलेली दुकानं. दिवसभर माणसांचा लोंढा. पण ग्रामीण भागात जनगणना ओळखते ती महसुली गाव. फाटा हा तिच्या लेखी वेगळा नसतो, तो ज्या गावाच्या शिवारात पडतो त्या गावात मोजला जातो. शेती सोडून इतर धंद्यांवर जगणाऱ्या मोठ्या वस्तीला जनगणना ‘शहर’ म्हणू शकते. पाच हजार लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंच्याहत्तर टक्के बिगरशेती, आणि दर चौरस किलोमीटरला चारशे माणसं. मात्र ही अट पूर्ण गावाला लागते, फाट्याभोवतीची शेतं आणि शेतकरी धरून. त्यामुळे महाराष्ट्रातले कित्येक फाटे दिसायला बाजारपेठ आणि कागदावर शिवार, असेच राहतात. गटारं, कचरा, रस्त्यावरचे दिवे, सगळं ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या पैशात. म्हणूनच पहिल्या टप्प्यात दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या कुटुंबाने ‘हे दुकान आहे’ एवढंच सांगून सरांना परत पाठवू नये. वर राहतो, हेही सांगावं. फाट्यावर पाल टाकून राहणाऱ्या भटक्या कुटुंबांना आणि बेघरांना २०११ ला २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत मोजलं होतं. तिठ्यावर त्या रात्री कोण कुठे झोपतं, हे तहसीलपेक्षा तिथल्या चहावाल्याला जास्त माहीत असतं.

मोजणी चुकली किंवा दुर्लक्षिली की काय होतं, ते तुमच्याच पिढीत दिसतं. २०११ ला राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. बीडमध्ये ८०७, आणि हिंगोलीतही नऊशेच्या खालीच. बीडचा आकडा तेव्हा खूप गाजला. ती शून्य ते सहाची मुलं म्हणजे आजचे सोळा ते बावीस वर्षांचे तुम्ही. गावोगाव ‘पोरगी मिळंना’ म्हणणाऱ्या घरांचं गणित तेव्हाच छापून आलं होतं.

शेवटचा आणि सगळ्यात तापलेला प्रश्न जातीचा. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने या जनगणनेत जातींची नोंद घ्यायचं ठरवलं. घरयादीत कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, जमातीचा की इतर एवढंच विचारतात. सगळ्या जातींची नोंद फेब्रुवारीत. याआधी सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्ध झाले ते १९३१ ला. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. मराठवाड्याला वेगळं सांगायला नको की जुनी मोजणी किती जिवंत असते. २ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावर मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुटलं ते हैदराबाद गॅझेटियरच्या शासन निर्णयावर. त्या गॅझेटियरमधले जातींचे आकडे निजामकाळातल्या जनगणनेतून आलेले. ओबीसी संघटनांनी त्या निर्णयाला विरोध केला. मग बंजारा समाजाने त्याच गॅझेटियरच्या आधाराने अनुसूचित जमातीत समावेश मागत मोर्चे काढले, त्याला आदिवासी संघटनांनी विरोध केला. कधीकाळी कुठल्या तरी प्रगणकाने कोणाच्या तरी दारात उभं राहून जे लिहून घेतलं, त्यावर आज तुमच्या वर्गातले मित्र दोन बाजूंना उभे आहेत.

आकडे नसले की काय होतं, तेही आपण पाहिलंय. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने गवळी खटल्यात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी आधी मागासलेपणाची ठोस माहिती गोळा करा, असं सांगितलं. ती नव्हती. पुढे निवडणुका रखडल्या आणि जिल्हा परिषदा, नगरपालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. २०११ ला जातींची वेगळी पाहणी झाली होती, पण त्या याद्या वापरता येणार नाहीत असं केंद्राने २०२१ मध्ये न्यायालयात सांगितलं. कारण ऐका. १९३१ ला देशात जाती ४,१४७ होत्या. या पाहणीत निघाल्या शेहेचाळीस लाखांवर. एकट्या महाराष्ट्रात अधिकृत यादीत ४९४, पाहणीत ४,२८,६७७. लोकांनी कोणी आडनाव सांगितलं, कोणी कुळी, कोणी पोटजात, कोणी गावात हाक मारतात ते नाव, आणि लिहिणाऱ्याने ऐकू आलं तसं, जमेल त्या स्पेलिंगमध्ये टाकलं.

त्यामुळे फेब्रुवारीच्या आधी एकदा कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी काढा. तुमच्या जात प्रमाणपत्रावर काय लिहिलंय, पप्पांच्या टीसीवर काय, आणि आजोबांच्या प्रवेश निर्गम उताऱ्यावर काय, ते शेजारी ठेवून वाचा. वेगवेगळं निघालं तर दचकू नका, बऱ्याच घरांत निघतं. कोणतं नाव सांगायचं हे घरात बसून आधी ठरवा, आणि सरांनी मोबाईलवर टाकलेलं अक्षर न् अक्षर एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.